एका दांड्याला तीन कार्बोरेटर

"बाबा, तुम्ही घमेंडखोर आहात की बहिरे?"

एवढं बोलून टकळीनं डोळे गच्च मिटून घेतले. आता फटका बसतोय की शिवी, एवढंच बघायचं राहिलं होतं. वर्कशॉपच्या पत्र्याच्या दाराआड तिच्या मैत्रिणी, शिडी आणि लिंबू, एकमेकींचे दंड धरून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. आदल्या दिवशी नदीकाठी शिडीच्या वडिलांनी मिस्त्रींना दोनदा हाक मारली आणि मिस्त्री मान खाली घालून सरळ निघून गेले. तेव्हापासून शिडीच्या घरी "मिस्त्रीला फार चढलीय" हेच चाललं होतं. "एवढी तोंडाळ आहेस ना, मग विचारून दाखव बापाला," शिडी म्हणाली होती. आणि तोंडाळपणावर कुणी शंका घेतली की टकळी भर दुपारी विहिरीत उडी मारील.

फटका आला नाही. वाइसमध्ये पितळेचा तुकडा आवळलेला होता आणि बाबांची कानस त्यावरून खर्रकन जात होती, परत येत होती.

"बाबा," ती एक पाऊल पुढे सरकली. "घमेंडखोर की बहिरे?"

खर्र.

तिसऱ्यांदा तिनं ते विचारलं नाही. नुसतं "बाबा" म्हणाली, जेवायला बोलवावं तसं. कानस थांबली नाही. बाबांच्या सदऱ्यावर दोन खांद्यांच्या मध्ये घामाचा डाग वाढत होता आणि ती त्या डागाकडे बघत राहिली. मग दारातल्या उन्हात ती हलली, तिची सावली वाइसवर पडली आणि बाबा केवढे तरी दचकले.

"अगं! कधी आलीस?"

हसले. तीही हसली. बाहेर आल्यावर लिंबूनं विचारलं, "काय म्हणाले गं?"

"कामात असले की ते राजालाही उत्तर देत नाहीत," टकळी म्हणाली आणि जरा जास्तच मोठ्यानं हसली.

त्या दोघी गेल्यावर मात्र ती गप्प होती, आणि टकळी गप्प म्हणजे काहीतरी मोडलेलंच. एकेक गोष्ट आपोआप समोर येत होती. आई बाबांना हाक मारत नाही, खांद्याला हात लावते. कुणी दारात आलं की आई आधी पुढे होते आणि "ते म्हणतायत" अशी सुरुवात करून सगळं स्वतःच सांगते. जेवताना बाबा सगळ्यांच्या तोंडाकडे बघतात, आणि सगळे हसले की हसतात. एका क्षणानं उशिरा. तो एक क्षण तिच्या लक्षातच आला नव्हता. शाळेतून आल्यापासून निजेपर्यंत ती बाबांपाशी बडबडायची. ते मान हलवायचे, आणि तिला वाटायचं, आपलं सगळं ऐकणारं जगात एकच माणूस आहे.

*

पूल वाहून गेला त्याला तीन महिने झाले होते. पुरात मधले दोन खांब गेले आणि ह्या काठाची माणसं ह्या काठालाच राहिली. शाळा, बाजार, दवाखाना, सगळं पलीकडे. ट्रॅक्टर येईनात, पंप येईनात, मिस्त्रींच्या वाइसवर धूळ बसू लागली. मोठी होडी त्याच पुरात खडकावर आपटून फुटली, तिचं इंजिन नदीच्या पोटात गेलं. वल्ह्यांची एक छोटी होडी सहा-सहा माणसं नेत होती, आणि टकळी रोज पहिल्या तासाला शाळेत उशिरा पोचत होती.

नावाडीकाकांनी मोठी होडी काठावर ओढून दोन महिने उन्हात तिच्या फळ्या बदलल्या. मग एका सकाळी ते वल्ह्यांच्या होडीतून आणलेलं एक इंजिन गाडीवर घालून वर्कशॉपात आले. जुन्या मोठ्या मोटारीचं सहा सिलिंडरचं इंजिन, आणि त्याच्या एका कुशीला, तारेवर कबुतरं बसावीत तसे, ओळीनं तीन कार्बोरेटर, इंजिनाला हवा आणि पेट्रोल पाजणारे.

"भंगारात एवढंच मिळालं," ते म्हणाले. "पण तिघांना एकत्र ओढणारं जे काही असतं, ते नाही. कुणीतरी काढून विकलंय. मला काय पाहिजे मिस्त्री, होडीत माझ्या हाताशी एक दांडा. ओढला की तिन्ही सारखे उघडले पाहिजेत, सोडला की तिन्ही सारखे मिटले पाहिजेत. जमेल?"

बाबा इंजिनाभोवती फिरत होते. एकेका कार्बोरेटरच्या तोंडात बोट घालून आतली चकती हलवून बघत होते. नावाडीकाकांकडे त्यांची पाठ होती.

"जमेल का, म्हटलं? किती दिवस लागतील?"

बाबा वळले. समोरचा माणूस उत्तराची वाट बघतोय एवढं त्यांना दिसलं. "हो," ते म्हणाले.

नावाडीकाकांनी टकळीकडे बघितलं. टकळीनं जमिनीकडे बघितलं. तेवढ्यात आई हात पुसत आतून आली. "पंधरा दिवस म्हणतायत. त्यांचं डोकं त्या इंजिनात गेलं की असंच होतं."

"वहिनी, पंधराच्या वर एक दिवस झाला तर मी शहरातल्या गॅरेजला देणार बघा. लोक माझा जीव खातायत. आणि खरं सांगू? मिस्त्रीकडे देऊच नको म्हणतायत. तो आता कुणाला जुमानत नाही म्हणे."

बाबा त्या दोघांकडे बघून हसत होते. एका क्षणानं उशिरा.

*

दुसऱ्या दिवसापासून टकळी शाळा सुटली की थेट वर्कशॉपात. दप्तर खुंटीला, ओढणी कमरेला. बाबांनी नको म्हटलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्या हातात हॅक्सॉ दिला आणि बोटाएवढ्या जाडीची सळई कापायला लावली. तळहाताला तीन फोड आले. दुसऱ्या दिवशी फोड फुटले. तिसऱ्या दिवशी तिनं चिंधी बांधली, आणि बाबांनी ती चिंधी सोडून नीट, बोटांच्या बेचक्यांतून घेऊन परत बांधून दिली.

बाबा बोलत कमी, खडूनं फरशीवर काढून दाखवत जास्त. एक कार्बोरेटर असला तर काम पोरखेळ: एक दांडा, एक सळई, संपलं. तीन असले की तीन माणसांनी एक पेटी उचलायची. एकानं आधी उचलली की पेटी तिरकी. एक चकती केसभर जास्त उघडली की ते दोन सिलिंडर पुढे पळतात, बाकीचे रखडतात, आणि इंजिन लंगडायला लागतं. म्हणून तिन्हींच्या वर एक आडवा दांडा, दोन टोकांना पितळेच्या बुशमध्ये, म्हणजे कड्यांत, फिरणारा. त्या दांड्याला तीन हात. प्रत्येक हातापासून एक सळई खाली, एकेका कार्बोरेटरला. प्रत्येकाला स्वतःची स्प्रिंग, म्हणजे सोडलं की सगळं मिटलंच पाहिजे.

"तिन्ही सळया एका मापाच्या," बाबा म्हणाले. "तिन्ही हात एका मापाचे. माप चुकलं तर पुढं देवसुद्धा जुळवू शकत नाही."

सळईच्या एका टोकाला सरळ आटे, दुसऱ्या टोकाला उलटे. मधे धरून चिमटीत फिरवली की सळई लांब होते, उलट फिरवली की आखडते. काही सोडायला नको. हे समजलं तेव्हा टकळीनं सळई हातात घेऊन वर्कशॉपभर उड्या मारल्या. "बाबा, हे म्हणजे काय आहे ना, हे कमाल आहे, हे कुणाला सुचलं असेल पहिल्यांदा? त्याला बक्षीस मिळालं असेल का? बाबा?"

बाबा वाकून बुश ठोकत होते. तिनं बक्षिसाचं पुन्हा विचारलं नाही. सळई जागेवर ठेवली आणि कानस उचलली.

आठव्या दिवशी इंजिन चालू झालं. धूर, दणदणाट, पत्रे थरथरायला लागले. बाबांनी कपाटातून रबरी नळी काढली. ही नळी तिनं लहानपणापासून बघितलेली. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, एक टोक कानाला: आत हवा ओढल्याचा सूं आवाज येतो. तिन्हींचा सूं एकसारखा झाला की तिन्ही जुळले. सगळं गाव म्हणायचं, मिस्त्रीच्या कानात तराजूचा काटा आहे.

बाबांनी नळी पहिल्याला लावली. ऐकलं. दुसऱ्याला लावली. सळई थोडी फिरवली. तिसऱ्याला लावली. तोंडावर काही हललं नाही. मग परत पहिला. टकळीला दहा हातांवरूनसुद्धा कळत होतं की मधला पुढं पळतोय. इंजिन एक पाय आखूड असलेल्या खुर्चीसारखं डगमगत होतं. बाबांनी मधल्याची सळई अजून लांब केली. डगमगणं वाढलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाबांच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. आई दारात येऊन उभी राहिली, तिनं बघितलं आणि ती आत निघून गेली. शेवटी टकळी पुढे झाली आणि तिनं नळीचं टोक धरलं. ओढलं नाही. नुसतं धरलं.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग नळी सोडली.

तिनं ती कानाला लावली. मधल्याचा सूं जाड, पहिल्याचा बारीक, तिसऱ्याचा त्याहून बारीक. तिनं बोट खाली केलं. बाबांनी मधली सळई फिरवली. अजून खाली. बास. मग तिसरा: वर, वर, थोडा वर, बास. बोटांनी बोलत बोलत एका क्षणी तिन्ही सूं एकमेकांत मिसळले आणि दणदणाटाचा एकच सलग सूर झाला, मांजर मांडीवर गुरगुरावं तसा.

"झालं!" ती ओरडली. "बाबा, झालं!"

बाबांनी इंजिनावर तळहात ठेवला. डोळे मिटले. तळहातानं त्यांनी ते ऐकलं असावं, कारण ते हसले, आणि ह्या वेळी क्षणाचाही उशीर नव्हता. एवढा सुंदर सूर, आणि वर्कशॉपात तो ऐकणारी ती एकटी.

*

ती चूक झाली ती होडीत.

इंजिन होडीत बसलं. आडवा दांडा, तीन सळया, सगळं इंजिनावर. आता नावाडीकाकांच्या हातातल्या दांड्यापासून इंजिनापर्यंत ओढ पोचवायची, तर मधे वळण घ्यायला एक कोपरा हवा: लोखंडाचा काटकोनी तुकडा, एका खिळीवर फिरणारा. तो तुकडा बसवायचा कुठं?

"इंजिनाचं इंजिनावरच," बाबा म्हणाले. त्यासाठी जाड पत्रा वाकवून, भोकं पाडून, इंजिनाच्या दोन नटांखाली धरेल अशी पट्टी करावी लागणार होती. निदान दोन दिवस. तेरावा दिवस चालू होता.

टकळीला शेजारी होडीची फळी दिसत होती. नवी, जाड, खणखणीत. दोन स्क्रू, अर्ध्या तासाचं काम. आणि आठव्या दिवसापासून तिला एक गोष्ट पक्की वाटायला लागली होती की ह्या वर्कशॉपात आता खरं कळतं ते तिला. शाळेत तिनं दोन वेळा फळ्यावर तीन कार्बोरेटरांचं चित्र काढून बाईंनाही गप्प बसवलं होतं.

बाबा होडीत ओणवे होऊन इंजिनाचे नट आवळत होते. ती त्यांच्या डाव्या बाजूला होती, मागे. आणि तिनं अगदी साध्या आवाजात, घरात बोलतात तेवढ्याच आवाजात विचारलं:

"बाबा, कोपरा फळीवर बसवू का?"

मग तिनं त्यांच्या खांद्याला हात लावला. बाबांनी मान वळवली, तिचा चेहरा बघितला, हातातला स्क्रू बघितला. काहीतरी विचारलं गेलंय, उत्तर द्यायचं राहिलंय, एवढं त्यांना कळलं.

"हो," ते म्हणाले आणि परत नटाकडे वळले.

तिनं फळीवर कोपरा बसवला. संध्याकाळी बाबांनी तो बघितला तेव्हा ते जरा थबकले. तिनं भुवया उंचावल्या: तुम्हीच तर म्हणालात. बाबांनी मान हलवली. "काय म्हणालो होतो मी?" असं काही विचारायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

*

पहिले पाच दिवस होडी नदीवरून अशी गेली की लोक काठावर उभे राहून बघत होते. नावाडीकाका एका बोटानं दांडा ओढून दाखवायचे. शिडीचे वडील स्वतः वर्कशॉपात येऊन गेले. टकळी होडीत इंजिनाशेजारी बसायची, मालकिणीसारखी.

सहाव्या दिवशी सकाळी होडी पलीकडच्या काठाला येत असताना नावाडीकाकांनी दांडा सोडला आणि रेस उतरली नाही.

त्यांनी दांडा पुढे ढकलला. इंजिन तसंच ओरडत राहिलं. "ए, ए, ए!" कुणीतरी म्हणालं. त्यांनी वाकून स्विच ओढेपर्यंत होडी धक्क्याच्या खांबावर गेली. सगळी माणसं एकमेकांवर पडली, धान्याची चार पोती पाण्यात गेली, लिंबूचं दप्तर गेलं आणि नावाडीकाकांचा हात खांब आणि होडी यांच्यात सापडला. हाड मोडलं नाही. पण मनगट बघता बघता वांग्यासारखं सुजलं, आणि वेदनेनं त्यांच्या तोंडून आवाजसुद्धा निघेना.

मग सगळे एकदम बोलायला लागले.

"मी म्हटलं नव्हतं?"

"अहो बहिरा आहे तो! ठार बहिरा! माझ्या मेहुण्यानं परवा मागून भोंगा वाजवला, ढिम्म हलला नाही."

"बहिऱ्याकडून इंजिन जुळवून घेतलं म्हणजे दुसरं काय होणार?"

शिडी टकळीकडे बघत होती. तिच्या बघण्यात खिजवणं नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. टकळीनं तोंड उघडलं. जे तोंड कधी एका जागी मिटलं नव्हतं, ते उघडलं आणि तसंच मिटलं. तिची नजर कोपऱ्यावर गेली होती. सळई तारेसारखी ताणलेली. दोन महिने उन्हात वाळलेली फळी सहा दिवस पाणी प्यायली होती आणि फुगून कोपऱ्याला घेऊन बाहेर सरकली होती. करंगळीच्या नखाएवढी. तेवढ्यानं तिन्ही कार्बोरेटर अर्धवट उघडे राहिले होते. तिन्ही अगदी सारखे.

नावाडीकाका चांगल्या हातानं फळी चाचपत म्हणाले, "लाकूड पाण्यात फुगतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला एका शब्दानं विचारायचं तरी."

*

ती शाळेत गेलीच नाही. वल्ह्यांच्या होडीतून दुसऱ्या खेपेला परत आली. बातमी तिच्या आधी पोचली होती. बाबा वर्कशॉपात होते. त्यांनी रबरी नळीची गुंडाळी करून तिला सुतळी बांधली होती आणि ती कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवत होते.

आई ओट्यावर बसली होती. "शहरातल्या गॅरेजचा माणूस उद्या येतोय इंजिन न्यायला. नावाड्यानं निरोप धाडलाय." मग बाबांच्या पाठीकडे बघत, नेहमीच्या सवयीनं, त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "बरंच झालं. सुटले एकदाचे. दोन वर्षं मी तरी किती जणांना काय काय सांगू?"

बाबा वळले. त्यांनी टकळीला बघितलं आणि हळू, मोजून टाकल्यासारखं म्हणाले, "माझ्याकडूनच काहीतरी राहिलं असेल. तू सांगितलं असशील, मला ऐकू आलं नसेल. तुझ्यावर नाही येणार काही."

ते पहिल्यांदा बोलले होते हे. एवढं साधं. आणि ते बोलले ते तिला वाचवायला.

टकळीनं खडू उचलला. फरशीवर अजून तीन सळयांचं जुनं चित्र अर्धवट पुसलेलं होतं. त्याच्या खाली तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं. ओळी वाकड्या गेल्या.

मी विचारलं तेव्हा तुम्हाला ऐकू आलं नव्हतं.
मला ते माहीत होतं.
म्हणूनच हळू विचारलं.

बाबा वाचत उभे राहिले. तीन ओळी वाचायला एवढा वेळ लागत नाही. बाहेर नदीवरून कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. बाबांनी चपलेचा अंगठा शेवटच्या ओळीवर ठेवला, जणू पुसणार, आणि पुसली नाही.

"'हो' तर मीच म्हणालो ना," ते म्हणाले.

"पण—"

"कुणी काही विचारलं की मी हो म्हणतो. दोन वर्षं. 'काय?' असं कुणाला विचारलं तर कळेल सगळ्यांना." ते स्टुलावर बसले. मांडीवरचे हात आपलेच आहेत का, असं बघत राहिले. "किती गोष्टींना हो म्हणून बसलोय, कुणास ठाऊक."

आई ओट्यावरून उठली. बाबा ज्या कोपऱ्यात बसले होते तिथं तिला जायचं होतं, पण ती मधेच थांबली. तिघांत चार-पाच हातांचं अंतर होतं आणि कुणालाच ते ओलांडायला जमत नव्हतं.

टकळीनं जाड पत्र्याचा तुकडा ओढून वाइसमध्ये आवळला. खडूनं त्यावर रेघ मारली, हॅक्सॉ लावला आणि कापायला लागली. रेघ सोडून पातं भलतीकडे चाललं. थोड्या वेळानं बाबा उठून आले, त्यांनी तिचं कोपर धरून सरळ केलं आणि तिथंच उभे राहिले. पत्रा कापून पट्टीचं एक अंग झालं. दुसरं झालं. भोकांच्या खुणा झाल्या. ऊन दारातून वाइसपर्यंत आलं आणि परत गेलं.

मग तिनं हॅक्सॉ खाली ठेवला. बाबांना खांद्याला धरून दाराकडे वळवलं, उजेड आपल्या तोंडावर पडेल असं. आईला हात करून शेजारी उभं केलं.

"ऐका," ती म्हणाली. "म्हणजे बघा माझ्याकडे. गॅरेजवाला येण्याच्या आधी, उद्या सकाळी, सगळे होडीपाशी असताना मी सांगणार आहे. कोपरा फळीवर मी बसवला. बाबा इंजिनावरच म्हणाले होते. ही पट्टी मी तिथं सगळ्यांसमोर बसवणार. आणि हेही सांगणार की माझ्या बाबांना ऐकू येत नाही, बोलायचं असेल तर समोर येऊन बोला. आई, तू 'ते म्हणतायत' असं म्हणायचं नाहीस. त्यांना काय म्हणायचंय ते तेच म्हणतील. आणि मी बाबांच्या पाठीमागून एक शब्द बोलणार नाही. कधीच नाही."

आईनं पदर तोंडाला लावला. बाबा टकळीच्या ओठांकडे बघत होते. नेहमीसारखी त्यांची मान हलायला लागली, हो म्हणायला. मग ती अर्ध्यावर थांबली.

"काय?" बाबांनी विचारलं. "सगळं नाही कळलं मला. परत सांग."

टकळीनं श्वास घेतला, एक पाऊल जवळ गेली आणि पहिल्यापासून परत सांगायला लागली.